कुठल्या गेटने आलात?

"फायरवॉल होती ना? मग व्हायरस आत शिरलाच कसा?" संगणकांवर हल्ला झाल्याची बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो. ऑफिसातले साहेब विचारतात, घरी पेपर वाचणारे आजोबाही विचारतात. प्रश्न रास्तच आहे. पण विचारणाऱ्याने मनात एक गोष्ट धरून चाललेली असते: फायरवॉल म्हणजे एकच भिंत, बाहेर सगळे चोर आणि आत सगळे साव. या प्रकरणात ही समजूत मोडायची आहे. लिनक्सवर त्यासाठी 'झोन' नावाची एक चांगली सोय आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी उरणला जाऊन येऊ.

१. न्हावा-शेवा, जून २०१७

नवी मुंबईला लागून, उरण तालुक्यात, जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजेच न्हावा-शेवा, आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात वेगवेगळ्या कंपन्यांची कंटेनर टर्मिनलं शेजारी शेजारी चालतात. त्यातलं एक गेटवे टर्मिनल्स इंडिया. ते चालवते एपीएम टर्मिनल्स, म्हणजे डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनर टर्मिनलवर कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे आणि कुठल्या ट्रकवर चढणार आहे, हे सगळं संगणक सांगतो. तोच मुका झाल्यावर क्रेन धडधाकट असूनही उपयोग नाही, कारण काय उचलायचं हे चालकाला कळत नाही. काम थांबलं.

हा 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस होता. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये. तिथे हिशेबासाठी आणि करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सोडला गेला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कारभारातही हे सॉफ्टवेअर होतं. तिथून तो समूहाच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. रॉटरडॅम, न्यू जर्सी, लॉस एंजेलिस इथली टर्मिनलंही त्याने बसवली. मर्स्कने पुढे आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

आता एक गोष्ट नीट पाहा. न्हावा-शेव्याला त्याच समुद्राला तोंड करून उभी असलेली शेजारची टर्मिनलं चालूच राहिली. आणि हजारो किलोमीटर दूरचं रॉटरडॅम बसलं. अंतराचा इथे काहीच संबंध नव्हता. कोण कोणाच्या तारेला जोडलेलं आहे, आणि त्या तारेवरून आलेल्याला कितपत आपलं मानलं जातं, यावर सगळं ठरलं.

नॉटपेट्या पसरायचा दोन प्रकारे. एक, विंडोजमधल्या एका जुन्या दोषातून. फायली वाटून घेण्यासाठी विंडोज ४४५ क्रमांकाचा पोर्ट वापरतं, तिथे हा दोष होता. (पोर्ट म्हणजे संगणकावरच्या एखाद्या सेवेला दिलेला खिडकी क्रमांक, जहाजांच्या बंदराशी त्याचा संबंध नाही.) दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, तो सगळ्यांनी बसवला नव्हता. दुसरा प्रकार जास्त वाईट. हा व्हायरस संगणकाच्या मेमरीतून व्यवस्थापकाचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच्याच नावाने पुढच्या संगणकात जायचा. तिथे उपाय बसवलेला असो वा नसो, फरक पडत नव्हता. पुढच्या संगणकाच्या लेखी तो रोजच्या ओळखीतला, आतलाच माणूस होता.

लिनक्सवर हा व्हायरस चालत नव्हता. पण "आतून आलंय, म्हणजे आपलंच" हा भाबडेपणा लिनक्सच्या सर्व्हरवरही तितकाच महागात पडतो.

२. डबा तोच, प्रश्न वेगळे

बंदराकडेच थोडं थांबू. टर्मिनलमध्ये कंटेनर तीन बाजूंनी येतो. निर्यातीचा माल ट्रकने रस्त्याच्या गेटवर येतो. तिथे फॉर्म तेरा, म्हणजे निर्यातीचा डबा आत सोडायचा कागद, मागतात, गाडीचा नंबर जुळवतात, सील पाहतात. आयातीचा माल जहाजातून धक्क्यावर उतरतो. त्याला फॉर्म तेरा कोणी विचारत नाही, त्याचं नाव जहाजाने कस्टमकडे दिलेल्या मालाच्या यादीत आहे का, हे पाहिलं जातं. तिसरी बाजू रेल्वेची. देशाच्या आतल्या भागातल्या डेपोत कस्टमची तपासणी होऊन सीलबंद आलेला डबा रुळावरून येतो, तेव्हा विचारणा आणखी वेगळी.

म्हणजे डबा दिसायला सारखाच, वीस फुटी किंवा चाळीस फुटी. काय विचारायचं हे तो कुठल्या बाजूने आला त्यावर ठरतं. प्रत्येक बाजूसाठी नियमांचा एक संच तयार असतो आणि 'या गेटला हा संच' अशी जोडी लावून दिलेली असते. गेट वेगळं आणि संच वेगळा, हे लक्षात ठेवा. उद्या नवं गेट पाडलं तर नवे नियम लिहावे लागत नाहीत. आहे त्यातला कुठला संच त्याला लावायचा, एवढंच ठरवायचं.

लिनक्सच्या फायरवॉलमध्ये गेटला इंटरफेस म्हणतात आणि नियमांच्या संचाला झोन.

३. इंटरफेस

सर्व्हरच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलंत तर नेटवर्क केबलची चौकोनी सॉकेट दिसतील, शेजारी लुकलुकणारे हिरवे-पिवळे दिवे. असं प्रत्येक सॉकेट म्हणजे एक इंटरफेस. लॅपटॉपचं वाय-फाय हाही इंटरफेस. लिनक्स प्रत्येकाला नाव देतं. पूर्वी ती 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी साधी असायची, पण सुरू होताना आधी कुठलं कार्ड सापडलं यावर क्रमांक पडायचा आणि कधीतरी अदलाबदल व्हायची. आता बहुतेक ठिकाणी 'ईएनपी३एस०' अशी नावं दिसतात. पहिली दोन अक्षरं सांगतात की हे केबलचं कार्ड आहे (वाय-फाय असेल तर 'डब्ल्यूएल'), आणि पुढचे आकडे मदरबोर्डवरची जागा. नाव ओबडधोबड, पण जागा बदलली नाही तर तेही बदलत नाही. फायरवॉलला हेच हवं.

सगळे इंटरफेस हाताला लागतील असे नसतात. व्हीपीएन सुरू केलं की एक आभासी इंटरफेस तयार होतो. डॉकरसारखी सॉफ्टवेअरं आपले वेगळे बनवतात. डोळ्यांना सॉकेट दोन दिसतात आणि यादीत नावं सात. ही यादी वाचायची सवय लावून घ्यावी, पुढे उपयोगी पडते.

४. नऊ झोन

रेड हॅट, फेडोरा, रॉकी, अल्मा या लिनक्सच्या प्रकारांवर 'फायरवॉलडी' नावाचा कारभारी असतो. (उबुंटूवर साधारणपणे 'यूएफडब्ल्यू' असतो, त्यात झोन नाहीत.) प्रत्यक्ष अडवाअडवी लिनक्सचा गाभा करतो, फायरवॉलडी त्याला नियम लिहून देतो. त्याच्यासोबत नऊ झोन तयार मिळतात. कडकपणाच्या उतरत्या क्रमाने: ड्रॉप, ब्लॉक, पब्लिक, एक्स्टर्नल, डीएमझेड, वर्क, होम, इंटर्नल, ट्रस्टेड.

दोन टोकं सोपी आहेत. ड्रॉप म्हणजे आलेल्याला उत्तरही द्यायचं नाही. ब्लॉक निदान 'प्रवेश नाही' असं सांगतो. ट्रस्टेड म्हणजे सगळ्यांना मोकळीक. मधल्या झोनांत फरक मुख्यतः एवढाच की कुठल्या सेवा उघड्या आहेत त्याची यादी वेगळी. एक्स्टर्नलमध्ये आतल्या संगणकांचे पत्ते झाकून सर्व्हरच्या पत्त्यावरून बाहेर पाठवायची सोय चालू असते. होम आणि इंटर्नल तर नवे असताना सारखेच असतात. नावांना फार भुलू नये. 'वर्क' असं नाव दिल्याने ऑफिस सुरक्षित होत नाही. आत कुठली यादी आहे ते पाहावं. याचं गमतीदार उदाहरण म्हणजे फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती. ती 'फेडोरा वर्कस्टेशन' नावाचा स्वतःचा झोन लावते आणि त्यात १०२५ पासून ६५५३५ पर्यंतचे सगळे पोर्ट उघडे असतात. वापरणाऱ्याला कटकट नको हा हेतू समजतो, पण मला ही उदारता पटलेली नाही.

नियम तीनच. एक इंटरफेस एका वेळी एकाच झोनमध्ये असतो. एका झोनमध्ये कितीही इंटरफेस असू शकतात. आणि ज्याला कुठलाच झोन दिलेला नाही तो 'डीफॉल्ट' झोनमध्ये जातो. बहुतेक सर्व्हरवर तो पब्लिक असतो.

५. वाशीतलं एक ऑफिस

समजा, वाशीत एका कस्टम ब्रोकरचं छोटं ऑफिस आहे. दहा-बारा माणसं, दिवसभर बिल ऑफ एन्ट्री आणि शिपिंग बिलांची धांदल. कोपऱ्यात यूपीएसशेजारी एक लिनक्स सर्व्हर, मागे तीन केबल. पहिली इंटरनेट कंपनीच्या राउटरकडे (ईएनपी१एस०), दुसरी ऑफिसच्या स्विचकडे (ईएनपी२एस०), तिसरी बाहेर बसणाऱ्या पाहुण्यांच्या वाय-फायकडे (ईएनपी३एस०). सर्व्हरवर पक्षकारांच्या कागदपत्रांचं फोल्डर आहे.

आधी आहे ती स्थिती पाहू. कमांड अशी: फायरवॉल-सीएमडी --गेट-ॲक्टिव्ह-झोन्स. (इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.) उत्तरात एकच झोन येतो, पब्लिक, आणि त्याखाली तिन्ही इंटरफेस. कोणी काही ठरवलेलंच नाही, म्हणून सगळे डीफॉल्टमध्ये.

अशा ऑफिसात पुढे काय होतं ते पाहा. सकाळी कर्मचारी सांगतात, फोल्डर उघडत नाही. बरोबरच आहे, पब्लिक झोनमध्ये 'सांबा', म्हणजे फोल्डर वाटून देणारी सेवा, बंद असते. संगणकाचं बघणारा मुलगा येतो, पब्लिकमध्ये सांबा चालू करतो. फोल्डर उघडतं, चहा होतो, तो जातो. पण पब्लिकमध्ये तिन्ही गेटं आहेत! जे फोल्डर ऑफिसला उघडलं तेच पाहुण्यांच्या वाय-फायलाही उघडलं आणि इंटरनेटच्या बाजूलाही. तिकडे राउटरचा थोडा आडोसा असेल. पाहुण्यांच्या बाजूला तोही नाही. फोल्डरला पासवर्ड असेलही, पण दार दाखवायची गरजच नव्हती. चूक सांबा चालू करण्यात नाही. इंटरफेस वेगळे न करता ती चालू केली, ही चूक.

योग्य पद्धत अशी. इंटरनेटच्या बाजूला एक्स्टर्नल: फायरवॉल-सीएमडी --झोन=एक्स्टर्नल --चेंज-इंटरफेस=ईएनपी१एस०. ऑफिसच्या बाजूला त्याच कमांडने इंटर्नल. पाहुण्यांचं तिसरं गेट राहू द्या पब्लिकमध्येच, पण तेही नाव घेऊन नेमा. डीफॉल्टच्या भरवशावर सोडू नका. मग यादीतले दोन बदल. पहिला, इंटर्नलमध्ये सांबा जोडायची. इथे अनेक जण फसतात, कारण इंटर्नलच्या यादीत 'सांबा-क्लायंट' आधीच दिसतं आणि काम झालं असं वाटतं. ते इतरांची फोल्डरं शोधण्यापुरतं आहे; आपलं फोल्डर देण्यासाठी 'सांबा' वेगळी जोडावी लागते. दुसरा, एक्स्टर्नल आणि पब्लिक दोन्हींतून 'एसएसएच' काढून टाकायचं. एसएसएच म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, आणि ती या दोन्ही झोनांत आयती चालू असते. रस्त्यावरच्या माणसाला पासवर्ड आजमावायची संधी द्यायचं कारण नाही.

ऑफिसचे संगणक या सर्व्हरमधून इंटरनेटवर जात असतील तर आणखी एक गोष्ट. झोन मुळात सर्व्हरच्या दारात आलेल्याशी काय करायचं ते ठरवतो. एका झोनमधून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर जाणाऱ्यासाठी फायरवॉलडीच्या ०.९ या आवृत्तीपासून 'पॉलिसी' आहे. नव्या सर्व्हरवर इंटर्नलकडून एक्स्टर्नलकडे जायची परवानगी तिच्यात लिहावी लागते. पाहुण्यांकडून इंटर्नलकडे जायची परवानगी लिहायची नाही. न लिहिणं हाच तिथला नियम.

ऑफिसातला एखादा संगणक, समजा ज्याला बाहेरचे पेन ड्राइव्ह लागतात, बाकीच्यांपेक्षा कमी विश्वासाचा असेल तर? केबल तर त्याच स्विचची. अशा वेळी त्याचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१०.४० सारखा आकडा, 'सोर्स' म्हणून ब्लॉक झोनमध्ये टाकता येतो. सोर्स आणि इंटरफेस यांत वाद झाला तर सोर्सचं ऐकलं जातं. अर्थात पत्ता बदलणं कोणालाही जमतं, केबल बदलायला उठून जावं लागतं. म्हणून पत्त्यावर फार विसंबू नये.

६. स्विचवरचं बोलणं सर्व्हरला ऐकू येत नाही

सर्व्हरची फायरवॉल फक्त सर्व्हरपर्यंत आलेलं पाहते. ऑफिसच्या स्विचवरचे दोन संगणक आपसात बोलले तर ते तिच्या वाटेने जातच नाही. नॉटपेट्यासारखा व्हायरस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असाच जातो, आणि सर्व्हरवर झोन कितीही नीट नेमले तरी ते तिथे थांबवू शकत नाहीत.

यावरचा उपाय नेटवर्कचे तुकडे करण्याचा. त्याला 'व्हीलॅन' म्हणतात: स्विच तोच, केबल त्याच, पण हिशेब विभाग १० क्रमांकात, कागदपत्रं करणारे २० क्रमांकात, प्रिंटर आणि कॅमेरे ३० क्रमांकात. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या लिनक्स सर्व्हरमधूनच जावं लागतं. त्याच्या लेखी हे तीन तुकडे म्हणजे तीन वेगळे इंटरफेस, ईएनपी२एस०.१०, .२० आणि .३०. एकाच सॉकेटची तीन गेटं झाली, प्रत्येकाला स्वतःचा झोन देता येतो. कॅमेऱ्यांनी हिशेबाच्या संगणकांशी बोलायचं काहीच कारण नसतं. त्यांना ड्रॉपमध्ये टाकून त्यांचं रेकॉर्डिंग घ्यायला एक पोर्ट उघडला की झालं. छोट्या ऑफिसात कॅमेरे हा सगळ्यात दुर्लक्षित आणि म्हणून सगळ्यात कच्चा दुवा असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

७. काम करताना

फायरवॉलडीत प्रत्येक बदलाच्या दोन प्रती असतात: आत्ता चालू असलेली आणि कायमची. वर दिलेल्या कमांड फक्त चालू प्रत बदलतात. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं जुन्यावर येतं. 'काल तर चाललं होतं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. उलट कमांडमध्ये '--परमनंट' घातलंत तर फक्त कायमची प्रत बदलते आणि '--रीलोड' करेपर्यंत आज काहीच फरक दिसत नाही. मला पहिली पद्धत बरी वाटते: आधी चालू प्रत बदलायची, तपासायची, सगळं ठीक असेल तर '--रनटाइम-टू-परमनंट' म्हणून ती कायम करायची. काही बिघडलं तर सर्व्हर पुन्हा सुरू केला की जुनी स्थिती परत येते.

दुरून, एसएसएचवरून हे काम करत असाल तर ज्या इंटरफेसवरून आत आला आहात तो शेवटी बदला. बदलल्यावर आधीची खिडकी चालूच राहील, कारण जुळलेलं बोलणं फायरवॉल तोडत नाही. त्यावर समाधान मानू नका. ती खिडकी बंद न करता दुसरी उघडून नव्याने लॉगिन होतंय का ते पाहा.

नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारी सेवा) चालू असलेल्या सर्व्हरवर इंटरफेसचा झोन खरं तर जोडणीच्या नोंदीत राहतो. 'एनएमसीएलआय' या कमांडने त्या नोंदीतच 'कनेक्शन.झोन' लिहिलेलं उत्तम, म्हणजे नेटवर्कमॅनेजर आणि फायरवॉलडी यांच्यात मतभेद होत नाहीत. लॅपटॉपवर याचा वेगळा फायदा: वाय-फायचं कार्ड एकच, पण घरच्या वाय-फायच्या नोंदीत होम आणि रेल्वे स्टेशनवरच्या मोफत वाय-फायच्या नोंदीत पब्लिक लिहून ठेवलं की जोडणी बदलताच झोनही आपोआप बदलतो.

राहिले आभासी इंटरफेस. व्हीपीएनचा इंटरफेस उगवला आणि त्याला झोन नेमलेला नसला तर तो डीफॉल्टमध्ये जातो. म्हणून डीफॉल्ट झोन ट्रस्टेड किंवा इंटर्नल कधीच ठेवू नये. उद्या कोणीतरी यूएसबीचं इंटरनेट डाँगल लावेल आणि तेही गुपचूप त्यातच जाईल. डॉकर मात्र स्वतःचा मोकळा झोन बनवतो आणि त्याने उघडलेले पोर्ट तुमच्या झोनांच्या यादीला जुमानत नाहीत. डॉकर असलेल्या सर्व्हरवर यादी पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. बाहेरच्या दुसऱ्या संगणकावरून तपासूनच पाहावं.

तुमच्या ताब्यात असा एखादा सर्व्हर असेल तर आज दोनच गोष्टी करा. '--गेट-ॲक्टिव्ह-झोन्स' चालवून जी नावं येतील ती कागदावर लिहा, आणि प्रत्येकासमोर ती केबल कुठे जाते ते लिहा. ज्या नावासमोर काही लिहिता येत नाही, त्याचा शोध लागेपर्यंत ते ड्रॉपमध्ये ठेवा. काही बंद पडलंच, तर ज्याचं बंद पडलं तो तासाभरात तुमच्याकडे येईल, आणि ती केबल कोणाची हेही तेव्हाच कळेल.